गाठोड्याची लुगडी

कुवेतला थंडी पडते, हे आमच्या गावात कोणाला खरं वाटत नसे. वाळवंट म्हणजे ऊन, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात. त्यामुळे मुंबईहून बोटीने निघणाऱ्या मुलाला आई सुकी मासळी द्यायची, आमसुलं द्यायची, कुळथाचं पीठ द्यायची, पण रात्री अंगावर घ्यायला काही द्यायची नाही. मग पहिल्याच डिसेंबरात ही तरणी माणसं शुक्रवारी आमच्याकडे येऊन रॉकेलच्या स्टोव्हभोवती बसत आणि बोटं शेकत.

आमचं घर जुन्या शहरात होतं. मातीच्या जाड भिंती, मध्ये अंगण, आणि कितीही झाडलं तरी उंबऱ्यावर पुन्हा येऊन बसणारी धूळ. मी एका व्यापाऱ्याच्या पेढीत इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळत होतो. रत्नागिरीत मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि ट्रंकेत कपड्यांपेक्षा पुस्तकं जास्त आणलेला, म्हणून आमच्या किनाऱ्यावरची सगळी माणसं मला मास्तर म्हणत. मी आयुष्यात कोणाला काही शिकवलेलं नाही. माझी बायको लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी आली. त्या काळी बायको आणणारे थोडे होते, आणि घर म्हणावं असं घर त्याहून थोड्यांचं. म्हणून आमचं अंगण सगळ्यांचं होतं.

गोधड्यांची सुरुवात एका जोड्यापासून झाली, म्हणजे पायातल्या. आमच्या गावच्या खाडीपलीकडचा एक जण इथल्या बंदरावर खोकी मोजायच्या कामाला होता. तो नुकताच गावाहून बोटीने परत आला होता आणि आईने दिलेली आमसुलं माझ्या बायकोला द्यायला म्हणून घरी आला. दारात थांबून त्याने खांद्यावरचं कापड काढलं आणि बूट पुसायला घेतले. ते त्याच्या गाठोड्याचं कापड होतं. शेवाळी रंगाचं, बारीक लाल काठाचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं.

"कोणाचं लुगडं आहे ते?" बायकोने आतून विचारलं.

"मांचं. का वो भाबी?"

"आईच्या लुगड्यानं बूट पुसतोस?"

"जुनं आहे वो."

"जुनं आहे म्हणूनच विचारते. नवं असतं तर नसतं विचारलं."

तो हसला आणि त्याने कापड तिच्या हातात दिलं. "घ्या. तुम्हीच पुसा."

आमच्याकडच्या बायका, हिंदू असोत की आमच्यासारख्या मुसलमान, लुगडंच नेसत. नेसून विरलं की त्याचा अर्धा भाग दुहेरी करून त्यात परदेशी निघालेल्या मुलाचं सामान बांधत. समोरासमोरचे दोन कोपरे आधी, उरलेले दोन त्यावर, आणि शेवटची गाठ दातांनी ओढून. बोटीत आठवडाभर, मग होडीत, मग कस्टमच्या माणसापुढे, ती गाठ टिकायची. खोलीवर पोचल्यावर सामान निघायचं आणि लुगडं खाटेखाली जायचं. तिथून पुढे त्याचं काय व्हायचं, ते आमच्या दारातच दिसलं होतं.

त्या दिवसापासून बायकोने सगळ्यांना सांगून ठेवलं की, गाठोड्याचं कापड फेकायचं नाही, इथे आणून द्यायचं. पहिली गोधडी तिने हातानेच शिवली. गावी शिवतात तशी. अंगणात चटईवर लुगड्यांचे थर पसरायचे, कडेपासून धावदोरा घालत आत आत जायचं, आणि मध्यावर पोचलं की संपलं. सबंध हिवाळा गेला. गोधडी संपली तेव्हा अंगणात खाटा टाकायचे दिवस आले होते, आणि एका खोलीत सहा-सात माणसं अजून पांघरुणाची वाट पाहत होती.

पुढच्या हिवाळ्याआधी मला जुन्या बाजारात मशीन मिळालं. तेल कंपनीच्या वसाहतीतल्या कोणा इंग्रज बाईने जाताना विकलं असावं. तेव्हाच ते आमच्या दोघांच्या वयाहून मोठं होतं. हाताने फिरवायचं, काळं, अंगावरची सोनेरी फुलं नेमकी हात टेकायच्या जागी पुसली गेलेली. आत खालचा दोरा एका लहानशा लोखंडी होडीत बसायचा आणि ती होडी झोपाळ्यासारखी मागे-पुढे जायची. बायकोने झाकण उघडून ती होडी पाहिली आणि म्हणाली, "ही आपल्याच खाडीतली दिसते."

जुनं मशीन कुवेतमध्ये सांभाळणं म्हणजे धुळीशी रोजचं भांडण. वारा सुटला की धूळ दारं बंद असूनही आत यायची, तेलात मिसळायची, आणि त्याचा चिकट काळा लगदा होऊन चाक जड व्हायचं. शिवायला बसण्याआधी ती सगळं रॉकेलने पुसायची, मग थेंब थेंब तेल घालायची. त्या जातीच्या सुया तिथे मिळत नसत. मुंबईहून येणाऱ्याला सांगून आणवाव्या लागत, आणि तोवर जुनीच सुई पाट्याच्या कडेवर घासून चालवायची. गोधडीचे थर जाड, म्हणून सुईजवळचा दाबाचा स्क्रू सैल करायचा आणि टाका मोठा ठेवायचा. एवढं केल्यावर मशीन मुकाट्याने चालायचं. फक्त एका जागी अडायचं. लुगड्याचे चार कोपरे गाठीने इतके ओढलेले असत की त्यांची वीण तिरकी झालेली असे, आणि तिथे थर वेडेवाकडे सरकत. तेव्हा ती शिवण्याआधी कोपरे कापून टाकायची. ते तुकडे एका पत्र्याच्या डब्यात जमायचे आणि तेल पुसायला कामी यायचे.

हाताच्या मशीनची एक अडचण असते. उजवा हात चाकावर गेला की कापडाला एकच हात उरतो, आणि गोधडीला एक हात पुरत नाही. म्हणून चाक मी फिरवायचो. ती दोन्ही हातांनी कापड सारायची, मी बाजूला बसून उजव्या हाताने मूठ फिरवायचो, आणि डाव्या हातात पुस्तक धरून वाचायचो. कधी तिला ऐकू जाईल असं, कधी मनात. मजकूर पकड घ्यायला लागला की माझा हात मंद व्हायचा. मला ते कळायचं नाही, तिला टाक्यांवरून कळायचं.

"गोष्ट रंगली वाटतं," ती मान वर न करता म्हणायची.

मी पुन्हा जोरात फिरवू लागायचो. थोड्या वेळाने, "आता काय, मारामारी आली?"

शुक्रवारी नमाजानंतर हे चालायचं आणि भोवती ती सगळी माणसं चहा पीत बसलेली असायची. "मास्तरांना अखेर काम मिळालं," कोणी तरी म्हणायचं. दुसरा म्हणायचा, "पुस्तक बदला मास्तर, ह्या पुस्तकात माझी गोधडी पुढच्या रमजानला होणार."

मशीनमुळे काम भराभर होऊ लागलं. आणि भराभर होऊ लागल्यामुळेच एक गोष्ट बदलली. गावी एका गोधडीत एकाच घरचं कापड असतं. असा काही नियम कोणी सांगितलेला नाही, दुसऱ्या घरचं कापड येणार तरी कुठून? इथे मात्र दहा गावची लुगडी एका ढिगात होती. बायकोने जे कापड जिथे शोभेल तिथे लावलं. भक्कम असेल ते बाहेर, विरलेलं मधल्या थरात, सगळ्यात मऊ असेल ते अंगाला लागणाऱ्या बाजूला. कोणाचं कोणत्या गोधडीत गेलं याचा विचार तिने केला नाही, आणि ज्यांना गोधड्या मिळाल्या त्यांनीही केला नाही. उलट त्यांना त्यात मौज वाटायची. दक्षिणेला वफ्राच्या तेलक्षेत्रात एक ड्रायव्हर होता, मोठ्या आवाजाचा, जाडजूड. तो म्हणायचा, "भाबी, आता मी एकदम निर्धास्त झोपतो. सगळ्या तालुक्याच्या आया माझ्यावर पांघरलेल्या आहेत."

"मग तरी शिव्या देऊ नकोस झोपेत," खाडीपलीकडचा त्याला म्हणाला.

ते शेवाळी लुगडं ह्या ड्रायव्हरच्या गोधडीत गेलं होतं. आतल्या बाजूला, कारण सगळ्यांत मऊ तेच होतं.

दोन हिवाळे गेले असतील. एका शुक्रवारी खाडीपलीकडचा एकटाच आला, आणि नेहमीच्या वेळेआधी आला. आदल्या दिवशी बोटीने आलेल्या त्याच्या गाववाल्याने त्याला बंदरावरच सांगितलं होतं की त्याची आई गेली. तिला जाऊन दोन महिने होऊन गेले होते. चाळिसाव्या दिवसाचा विधीही होऊन गेला होता. त्याच्या भावजयांनी रीतीप्रमाणे तिचे सगळे कपडे गोरगरिबांना वाटून टाकले होते. त्यात गैर काही नव्हतं. मेलेल्या माणसाचं कापड घरात अडकवून ठेवू नये, ज्याला गरज आहे त्याच्या अंगावर जावं, असंच आम्हा सगळ्यांना शिकवलेलं आहे. तोही तसंच म्हणाला, "चांगलं केलं त्यांनी." मी चहा आणून ठेवला, तो निवला.

"भाबी," तो शेवटी म्हणाला, "ते गाठोड्याचं लुगडं. मी बूट पुसत होतो ते."

बायकोने हातातलं कापड खाली ठेवलं.

"सगळं नको मला. गाठीचा एखादा कोपरा असला तरी पुरे. मां दातांनी गाठ ओढायची. पुढचा दात पडल्यावर बाजूच्या दातांनी ओढायला लागली. मी म्हटलं, मी बांधतो, तर म्हणाली, तुझी बोटीत सुटेल."

बायकोची नजर कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यावर गेली आणि परत आली. मी ते पाहिलं, त्याने पाहिलं नाही.

"तुझं लुगडं मी देते," ती म्हणाली. "थोडे दिवस दे मला."

तो गेल्यावर तिने डबा जमिनीवर ओतला. तेलाने काळे झालेले तुकडे होते सगळे, एकमेकांना चिकटलेले. तिने ते सोडा घालून उकळले, साबणाने घासले, पुन्हा उकळले. वाळल्यावर सगळ्यांचा एकच करडा रंग झाला होता. त्यातला एखादा त्याच्या आईने बांधलेल्या गाठीचा असेल. कोणता, ते सांगायला काही खूण राहिली नव्हती.

उरली ती ड्रायव्हरची गोधडी. त्याला निरोप धाडला, तो पुढच्या सुट्टीला ट्रकमधून गोधडी घेऊन आला. बायकोने कारण सांगितलं. ऐकून त्याने गोधडी चटईवर ठेवली, तिच्यावर एकदा हात फिरवला. "मला काय माहीत होतं," म्हणाला, "मी हिच्यावर बसून पत्तेसुद्धा खेळलो." आम्ही त्याला बाजारातलं नवं लोकरी ब्लँकेट देऊ केलं. ते त्याने घेतलं नाही.

हाताने घातलेला धावदोरा एका टोकाने ओढला की सरसर निघून येतो. लहानपणी आयांनी गोधड्या उसवून पुन्हा नव्या शिवलेल्या मी पाहिल्या आहेत. कापडाला काही होत नाही. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा प्रत्येक टाक्याला एकमेकांत अडकलेले असतात. ओढला तर निघत नाही. एकेक टाका पात्याने कापावा लागतो. ते करायलाही ती तयार होती. पण विरलेल्या सुती कापडाला सुईने जिथे जिथे भोक पाडलं होतं, तिथे ते आधीच खचलं होतं. आम्ही शिवताना जवळजवळ ओळी घातल्या होत्या. मजबूत व्हावी म्हणून.

पहिली ओळ उसवली तेव्हा कापड टिकलं. दुसरी उसवताना ते ओळीवरून फाटलं, जणू आखून ठेवलं होतं. तिने पातं बदललं. सुईच्या टोकाने टाका उचलून पाहिला. कापड ओलं करून पाहिलं. दुपारभर ती उंबऱ्यात उजेडाला पाठ करून बसायची, आणि मी तिच्यासमोर बसायचो. फिरवायला चाक नव्हतं. पुस्तक उघडावंसं वाटत नव्हतं.

"मी थोडं करू?" मी विचारलं.

"तुमच्या हातानं पान उलटतं. हे नाही व्हायचं."

मग थोड्या वेळाने, मला नव्हे, मांडीवरच्या कापडाला म्हणावं तशी ती म्हणाली, "हाताने शिवली असती तर एव्हाना घडी घालून ठेवली असती."

शेवटी शेवाळी चिंध्यांचा ढीग झाला. बोटभर रुंदीच्या पट्ट्या, कडांना भोकांची रांग. एकच तुकडा सबंध आला. गोधडीची कड ती मशीनवर घालत नसे. तिथे थर दुमडल्यामुळे फार जाड होत, म्हणून कड नेहमी हाताने. त्या दुमडीच्या आत लुगड्याचा लाल काठ होता, वीतभर लांब, ऊन न लागल्यामुळे बाकीच्यापेक्षा गडद. तो दोरा ओढल्याबरोबर मोकळा झाला.

खाडीपलीकडचा आला तेव्हा तिने त्याच्यापुढे सगळंच ठेवलं. पट्ट्या धुऊन, एकावर एक रचलेल्या. त्यावर काठाचा तुकडा. आणि तो काही विचारायच्या आधी म्हणाली, "कोपरे मी कापले होते. मशीन पुसायला घेतले. उकळून पाहिले, पण ओळखू येत नाहीत."

त्याने खाली पाहिलं. मला वाटलं, आता तो उठून जाईल.

"मशीनला तेल लागतंच, भाबी," तो म्हणाला.

त्याने पट्ट्यांना हात लावला नाही. काठाचा तुकडा उचलला आणि नाकाशी नेला. तेलाचा वास आला असेल, साबणाचा आला असेल, ड्रायव्हरच्या विडीचा आला असेल. मग तो हळूच खाली घेऊन त्याने घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"चहा घेतोस?" तिने विचारलं.

"घेतो ना."

त्या दिवशी त्याने चहा गरम असतानाच प्यायला. जाताना दारात थांबून त्याने बूट हाताने झटकले.

त्यानंतर बायकोने मशीनवर गोधडी शिवली नाही. ढिगात उरलेली लुगडी तिने ज्याची त्याला ओळखायला लावली. ज्याने ओळखलं त्याची गोधडी वेगळी, हाताने, चारी कोपरे तसेच ठेवून. कोपऱ्यात थर सरकायचे, गोधडी चौकोनी व्हायची नाही, तिकडे तिने लक्ष दिलं नाही. बऱ्याच जणांनी ओळखलंच नाही. हातात घेऊन उलटंपालटं करायचे आणि म्हणायचे, "असेल हेच, भाबी, नक्की नाही सांगता येत." त्यांची ती तिने धुऊन वेगळ्या पेटीत ठेवली. खाडीपलीकडच्यालाही तिने एक शिवून देते म्हणून विचारलं. तो म्हणाला, "कंपनीचं ब्लँकेट आहे आता." तो ईदला येत राहिला, मला मास्तर म्हणून चिडवत राहिला. मग बहारीनला काम मिळालं आणि तिकडे गेला.

हाताच्या गोधड्या फारशा झाल्याही नाहीत. तिने हळू शिवायचं ठरवलं तेव्हाच काळ घाईला आला होता. जुनी घरं पाडून रस्ते होत होते, आम्हीही सिमेंटच्या घरात गेलो, कंपन्या ब्लँकेटं देऊ लागल्या. माणसं विमानाने येऊ लागली. हातात सूटकेस, तिला किल्ली. आईच्या लुगड्यात काही बांधून आणायची कोणाला गरज उरली नाही, आणि पुढे पुढे तर आणायची लाजही वाटू लागली. मला आजही वाईट वाटतं ते ह्याचं. तिला जे उमगलं ते योग्य होतं, पण ते करून दाखवायला तिच्यापाशी कापडच आलं नाही.

मशीन मात्र तिने सोडलं नाही. मुलीचे फ्रॉक, पडदे, उशांचे अभ्रे, सगळं त्यावर. ते काम हलकं, चाक ती एकटीच फिरवायची. मला कोणी बोलवायचं नाही. मशीन पुसायला मात्र ती दुकानातून नवं कोरं कापड आणायची. शेजारणी हसायच्या. चिंध्या पडलेल्या असताना नवं कापड फाडून तेल पुसणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती. तिने त्यांना कारण कधी सांगितलं नाही.

आम्ही परत येऊन आता पुष्कळ वर्षं झाली, आणि ती गेली त्याला अजून वर्ष झालेलं नाही. मशीन इथेच आहे, माझ्या टेबलाजवळ. इथे धूळ नाही, गंज आहे, म्हणून महिन्याला मी तेल घालतो. चाळिसाव्याच्या आधी तिचे कपडे वाटायला काढले तेव्हा मुलगी म्हणाली, "अब्बा, अम्मीच्या चार साड्या ठेवू. गोधडी करू. तिच्याच मशीनवर. मी कापड धरीन, तुम्ही चाक फिरवा."

तिला ह्यातलं काही माहीत नव्हतं. ती तेव्हा जन्मलीही नव्हती.

"हाताने शिवशील?" मी विचारलं.

"हाताने? अब्बा, आता कोण शिवतं हाताने? वर्ष लागेल."

"मग नको."

मग मी तिला शेवाळी लुगड्याची गोष्ट सांगितली. ती ऐकत राहिली, आणि चारांतल्या तीन साड्या तिने स्वतःच वाटायच्या ढिगात परत ठेवल्या. चौथी माझ्या हातात दिली. तीही खरं तर कोणाच्या तरी अंगावर जायला हवी होती. गेली नाही.

कधी कधी मी दोरा न घालता चाक फिरवतो. सुई खाली-वर होते, होडी मागे-पुढे जाते. पुस्तक उघडून डाव्या हातात धरतो आणि हात मंद होऊ देतो. घरात कोणी काही म्हणत नाही.

साडीत मी काही बांधलेलं नाही. नुसती दुहेरी घडी करून, समोरासमोरचे दोन कोपरे आधी, उरलेले दोन त्यावर, अशी गाठ मारून ठेवली आहे. शेवटची गाठ दातांनी ओढायला लागते. माझी सैल राहते, दर काही दिवसांनी सुटते. मी पुन्हा बांधतो.